दाबाखालचं आयर्न सेलेनाइड: चुंबकत्व आणि अतिसंवाहकता एकाच स्फटिकात

लोखंडाचं आणि अतिसंवाहकतेचं जमत नाही, हे पदार्थविज्ञानात कित्येक दशकं जवळपास गृहीत धरलेलं होतं. त्याला कारणही भक्कम होतं. अतिसंवाहक पदार्थात, म्हणजे ठरावीक तापमानाच्या (संक्रमण तापमानाच्या) खाली ज्यातून वीज रोधाशिवाय वाहते अशा पदार्थात, इलेक्ट्रॉन जोडीने वाहतात आणि नेहमीच्या जोडीत दोघांचे स्पिन, म्हणजे त्यांचं अंगभूत इवलंसं चुंबकत्व, एकमेकांच्या उलट असतात. चुंबकीय अणू जवळ आला की दोन्ही स्पिनांना एकाच दिशेला ओढू पाहतो आणि जोडी मोडते. 1958 मध्ये लॅंथनमवर झालेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं. त्यात गॅडोलिनियम एखाद टक्का मिसळलं तरी अतिसंवाहकता जवळपास नाहीशी होत होती. शुद्ध लोखंडात 2001 साली जपानमध्ये अतिसंवाहकता सापडली, तीही 15 गिगापास्कलच्या पुढच्या दाबाखाली (एक गिगापास्कल म्हणजे साधारण दहा हजार वातावरणांइतका दाब) आणि 2 केल्विनच्या आसपास (शून्य केल्विन म्हणजे उणे 273 अंश सेल्सिअस). एवढ्या दाबाखाली लोखंडाची स्फटिकरचना बदलते आणि त्याचं ओळखीचं चुंबकत्व नाहीसं होतं. म्हणजे जुना नियम शाबूतच राहिला: आधी चुंबकत्व जावं लागतं, मग अतिसंवाहकता येते.

2008 च्या फेब्रुवारीत टोकियोतल्या हिदेओ होसोनो यांच्या गटाने लॅंथनम, लोखंड, आर्सेनिक आणि ऑक्सिजन यांच्या संयुगात थोडं फ्लोरिन घालून 26 केल्विनला अतिसंवाहकता दाखवली, आणि त्या नियमाला तडा गेला. त्याच वर्षी 4 गिगापास्कल दाब देऊन हेच तापमान 43 केल्विनपर्यंत नेलं गेलं. लोखंडाच्या संयुगांमागे जगभरच्या प्रयोगशाळा धावू लागल्या त्या तेव्हापासून.

या कुळात पदार्थ पुष्कळ आहेत, पण चुंबकत्व आणि अतिसंवाहकता यांचं नातं समजून घ्यायचं तर मी एकच प्रकरण निवडेन: दाबाखालचं आयर्न सेलेनाइड. रासायनिकदृष्ट्या याहून साधा सदस्य या कुळात नाही. एक लोखंड, एक सेलेनियम, बस. आणि तरीही त्याचा दाब-तापमान आलेख नीट उभा राहायला आठ वर्षं लागली. मधल्या काळात एकाच प्रश्नाला दोन चांगल्या प्रयोगांनी उलट उत्तरं दिली. ती दोन्ही उत्तरं प्रामाणिक होती, म्हणून हे प्रकरण मला फार मोलाचं वाटतं.

पदार्थ

आयर्न सेलेनाइडची अतिसंवाहकता 2008 मध्येच तैवानच्या अकादेमिया सिनिकामध्ये मॉ-कुएन वू यांच्या गटाने दाखवली. 1987 मध्ये द्रव नायट्रोजनच्या तापमानाला चालणारा पहिला अतिसंवाहक शोधण्यातही हेच वू होते. आयर्न सेलेनाइडचं संक्रमण तापमान मात्र बेताचंच निघालं, 8 केल्विनच्या आसपास.

रचना अशी: लोखंडाचे अणू चौकोनी जाळीत एका पातळीत बसलेले, आणि सेलेनियमचे अणू आळीपाळीने त्या पातळीच्या वर आणि खाली. असे थर एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्यामधला बंध दुबळा असतो. त्यामुळे हा स्फटिक मऊ आहे, धातूंच्या मानाने सहज दाबला जातो. सेलेनियम लोखंडाच्या पातळीपासून किती उंचीवर आहे याला या कुळात फार महत्त्व आहे. वेगवेगळ्या संयुगांची संक्रमण तापमानं या उंचीपुढे मांडली, तर 1.38 अँगस्ट्रॉमच्या आसपास शिखर येतं (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग). साध्या दाबाला आयर्न सेलेनाइडमध्ये ही उंची 1.45 च्या घरात आहे. म्हणजे इथे सुधारणेला वाव आहे आणि दाब हे त्याचं साधन आहे, असा अंदाज बांधता येतो.

दुसरी गोष्ट जास्त विचित्र आहे. बेरियम-लोखंड-आर्सेनिकसारख्या भावंडांमध्ये, थंड करत गेलं की 140 केल्विनच्या आसपास चौकोनी जाळी थोडी ताणून आयताकृती होते आणि जोडीनेच चुंबकीय मांडणी येते. ती मांडणी पट्ट्यांची असते. पंगतीत एका ओळीची तोंडं पूर्वेला आणि पुढच्या ओळीची पश्चिमेला असावीत, तसे एका ओळीतल्या लोखंडाचे स्पिन एका दिशेला आणि शेजारच्या ओळीतले विरुद्ध दिशेला. आयर्न सेलेनाइडमध्ये जाळी 90 केल्विनला ताणते, चौकोनाची सममिती मोडते, पण चुंबकीय मांडणी मात्र येतच नाही. अगदी खालच्या तापमानापर्यंत नाही. जाळीच्या या चुंबकत्वाविना ताणलेल्या अवस्थेला नेमॅटिक म्हणतात. मग प्रश्न उभा राहिला: लोखंडाच्या अतिसंवाहकांमध्ये चुंबकत्व खरंच मुळाशी आहे, की या पदार्थाने ते खोटं ठरवलं?

दाबाचे पहिले प्रयोग

2008 मध्येच जपानच्या त्सुकुबामध्ये योशिकाझु मिझुगुची आणि सहकाऱ्यांनी 1.48 गिगापास्कल दाबाला संक्रमणाची सुरुवात 27 केल्विनला होते असं दाखवलं. 2009 मध्ये मेदवेदेव आणि सहकाऱ्यांनी 8.9 गिगापास्कलला 36.7 केल्विनपर्यंत मजल मारली. आठवरून सदतिसाच्या जवळ, आणि तेही काहीही न मिसळता, फक्त दाबून. दाबाने संक्रमण तापमान इतक्या पटींनी वाढावं ही मोठीच गोष्ट होती.

मेदवेदेव यांच्या गटाने आणखी एक मोजमाप केलं होतं, मॉसबाउअर वर्णपटाचं. लोखंड-57 चं केंद्रक 14.4 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचं गॅमा किरण शोषतं. आजूबाजूला स्थिर चुंबकीय क्षेत्र असेल तर शोषणाची रेषा फुटून अनेक रेषा होतात. प्रत्येक लोखंडाच्या केंद्रकाला स्वतंत्रपणे विचारलेला हा प्रश्न आहे: तुझ्या जागी क्षेत्र आहे का? उत्तर आलं: नाही. संपूर्ण दाब-तापमान आलेखात स्थिर चुंबकीय मांडणी दिसली नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

त्याच वर्षी कॅनडातल्या ताकाशी इमाई यांच्या गटाने सेलेनियम-77 वर एनएमआर (केंद्रकाच्या चुंबकीय प्रतिसादाचं मोजमाप) केलं आणि चित्राला वेगळी बाजू दिली. संक्रमणाच्या जवळ येताना स्पिनांची प्रतिलोहचुंबकीय (शेजारचे स्पिन उलट दिशेला असण्याची) थरथर वाढते, आणि दाब दिला की ती आणखी वाढते. संक्रमण तापमानही त्याबरोबर वर जातं. म्हणजे स्पिन स्थिर रांगांत बसत नसले, तरी तशा रांगांकडे ते सतत झुकत होते. लोखंडाच्या अतिसंवाहकांबद्दलचा प्रमुख सिद्धांतही हेच सांगतो. स्फटिकातल्या कंपनांऐवजी इथे स्पिनांची ही चळवळच इलेक्ट्रॉनांना जोडीला बांधते, आणि फर्मी पृष्ठाच्या, म्हणजे वीज वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या संवेगांच्या नकाशातल्या सीमेच्या, दोन वेगळ्या कप्प्यांवर जोडीच्या तरंगाचं चिन्ह उलटं असतं.

इथवर गोष्ट सुटसुटीत होती. स्थिर चुंबकत्व नाही, चंचल चुंबकत्व आहे, आणि ते चंचल चुंबकत्वच अतिसंवाहकतेला पोसतं.

म्युऑनांनी काय सांगितलं

2010 मध्ये स्वित्झर्लंडच्या फिलिगेन गावातल्या पॉल शेरर संस्थेत बेंडेले आणि सहकाऱ्यांनी याच पदार्थाला म्युऑनांनी तपासलं. हे तंत्र जरा जवळून पाहण्यासारखं आहे.

म्युऑन हा इलेक्ट्रॉनसारखाच, पण त्याहून जड कण. धन प्रभाराचा म्युऑन सरासरी 2.2 मायक्रोसेकंद जगतो. पदार्थात शिरला की तो कुठल्यातरी कोपऱ्यात थांबतो. त्याचा स्पिन सुरुवातीला एका ठरावीक दिशेला असतो. स्थानिक चुंबकीय क्षेत्र असेल तर तो स्पिन त्या क्षेत्राभोवती फिरू लागतो. एका टेस्लाला सेकंदाला साडेतेरा कोटी फेऱ्या, असा हिशेब आहे. म्युऑन मरताना पॉझिट्रॉन (धन प्रभाराचा इलेक्ट्रॉन) सोडतो, आणि तो पॉझिट्रॉन बहुतकरून स्पिनच्या दिशेला जातो. पुढच्या आणि मागच्या शोधकांत पॉझिट्रॉन मोजत गेलं की स्पिन कसा फिरला ते उलगडतं. बाहेरून कुठलंही क्षेत्र दिलेलं नसताना हा फेरा दिसला, तर पदार्थाच्या आत स्वतःचं स्थिर क्षेत्र आहे, याला दुसरा अर्थ नाही.

अडचण दाबाच्या भांड्याची असते. नमुना जाड धातूच्या नळकांड्यात, दट्ट्यांच्या मध्ये दाबलेला असतो. म्युऑनांना ती भिंत ओलांडून आत जायचं असतं, म्हणून त्यांचा संवेग मोठा लागतो, आणि तरीही त्यांतले निम्म्याच्या आसपास भिंतीतच थांबतात. त्यांचा संकेत वेगळा मोजून वजा करावा लागतो. शिवाय नमुनाही मोठा लागतो, त्यामुळे दाब अडीच-तीन गिगापास्कलच्या पुढे नेता येत नाही. या चौकटीत राहून त्यांनी एक गोष्ट फार नेटकी केली: त्याच भांड्यातल्या त्याच नमुन्यावर प्रत्यावर्ती क्षेत्रातलं चुंबकन मोजून अतिसंवाहकताही नोंदवली. दोन प्रयोगांत दाब वेगळा होता, नमुना वेगळा होता, ही पळवाटच उरली नाही.

निकाल असा आला. 0.8 गिगापास्कलपर्यंत संक्रमण तापमान सरळ वाढतं आणि चुंबकत्व नसतं. त्याच्या पुढे शून्य क्षेत्रातही म्युऑनांचे फेरे दिसू लागतात: स्थिर चुंबकीय मांडणी आली. ती आली त्याच दाबाला अतिसंवाहकतेची वाढ थांबते आणि संक्रमण तापमान थोडं खाली घसरतं. 0.8 ते 1.2 गिगापास्कलच्या पट्ट्यात तर झटापट उघड दिसते. अतिसंवाहकता सुरू झाली की नमुन्याचा जो हिस्सा चुंबकीय झाला होता तो आक्रसतो. जे इलेक्ट्रॉन स्थिर रांगेत सामील होतात, त्यांतलेच जोड्यांना हवे असतात, आणि दोघांना पुरतील इतके ते नाहीत.

1.2 गिगापास्कलच्या पुढे मात्र चित्र पालटतं. जवळपास सगळा नमुना चुंबकीय असतो, आणि तोच नमुना अतिसंवाहकही असतो. स्फटिकाचे काही तुकडे चुंबकीय आणि काही अतिसंवाहक, असं भागीदारीचं स्पष्टीकरण इथे लागू पडत नाही. आणि दाब वाढवला की चुंबकीय मांडणी येण्याचं तापमान, मोमेंट (प्रत्येक लोखंडाच्या अणूच्या चुंबकत्वाची ताकद) आणि अतिसंवाहक तापमान, तिन्ही एकत्र वाढतात.

म्हणजे 2009 च्या प्रयोगाला जे दिसलं नाही, ते 2010 मध्ये दिसलं. माझ्या मते इथे कुणी चुकलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. मोमेंट मुळातच फार लहान आहे, एका बोर मॅग्नेटॉनच्या, म्हणजे एका इलेक्ट्रॉनाच्या चुंबकत्वाच्या मापाच्या, पाचव्या भागाइतका. एवढ्याने मॉसबाउअरची रेषा नीट फुटत नाही, फक्त जराशी फुगते, आणि जाळीच्या ताणामुळेही ती फुगतेच. म्युऑनला ते क्षेत्र फेऱ्यांच्या रूपाने थेट मोजता येतं. तेव्हाचे नमुनेही गुंतागुंतीचे होते. लोखंडाचं प्रमाण 1.01 असेल तर पदार्थ अतिसंवाहक, 1.03 झालं की नाही, इतका हा पदार्थ हळवा आहे, हे 2009 मध्येच प्रिन्स्टनमधून दाखवलं गेलं होतं. त्यात शुद्ध लोखंडाचे आणि त्याच्या ऑक्साइडचे कण राहून गेले तर चुंबकीय मोजमापात भलतंच काही मिसळतं.

चांगले स्फटिक

पुढची प्रगती सिद्धांतातून आली नाही, भट्टीतून आली. हवी ती चौकोनी प्रावस्था (स्फटिकरचनेचं रूप) 450 अंश सेल्सिअसच्या खालीच टिकते. वितळवून थंड केलेल्या पदार्थात षट्कोनी प्रावस्थेचे अवशेष राहून जातात. 2013 च्या सुमारास पोटॅशियम क्लोराइड आणि ॲल्युमिनियम क्लोराइड यांच्या वितळलेल्या मिश्रणातून, बंद काचनळीच्या एका टोकाकडून जरा थंड असलेल्या दुसऱ्या टोकाकडे, कित्येक आठवडे हळूहळू स्फटिक वाढवण्याची पद्धत रुळली. चकचकीत, पातळ, चौकोनी पत्र्यांसारखे स्फटिक मिळू लागले. ज्यांनी ही भट्टीची कामं केली त्यांची नावं मथळ्यांत फारशी येत नाहीत, पण पुढचं सगळं त्यांच्या हातच्या स्फटिकांवर उभं आहे.

अशा स्फटिकांत विद्युत रोधातही चुंबकीय संक्रमणाची खूण दिसू लागली, कारण अशुद्धीचा गोंगाट कमी झाला होता. आता म्युऑनांच्या तीन गिगापास्कलच्या मर्यादेत अडकून राहण्याचं कारण उरलं नाही.

2016 मध्ये दोन निबंध आले. एक सन आणि सहकाऱ्यांचा, बीजिंग आणि जपानमधल्या प्रयोगशाळांच्या भागीदारीतून. त्यांनी सहा बाजूंनी दाबणारं घनाकार यंत्र वापरलं, ज्यात नमुन्यावर दाब सगळीकडून सारखा येतो, आणि 15 गिगापास्कलपर्यंत गेले. संपूर्ण नकाशा पहिल्यांदा पुढे आला. नेमॅटिक अवस्थेचं तापमान 90 केल्विनपासून खाली येत 2 गिगापास्कलच्या आसपास संपतं. चुंबकीय अवस्था घुमटासारखी आहे: एक गिगापास्कलच्या आधी सुरू होते, पाचच्या जरा अलीकडे 45 केल्विनच्या शिखराला पोचते, आणि सहाच्या पुढे कोसळते. या घुमटाखाली अतिसंवाहक तापमान बराच वेळ 20 केल्विनच्या आसपास घुटमळत राहतं. चुंबकत्व कोसळलं की ते एकदम उसळी घेतं, आणि 6.3 गिगापास्कलला 38.3 केल्विन. त्याच्या आसपास रोध तापमानाच्या सरळ प्रमाणात वाढताना दिसतो, जी सहसा तीव्र स्पिन-चंचलतेची खूण मानली जाते. दाब आणखी वाढवला की पदार्थ षट्कोनी रचनेकडे वळतो आणि अतिसंवाहकता ओसरते.

दुसरा निबंध अमेरिकेतल्या एम्स आणि आर्गॉन इथल्या प्रयोगशाळांतल्या संशोधकांचा. त्यांनी सिंक्रोट्रॉन या कण-प्रवेगकातून निघणाऱ्या क्ष-किरणांनी जाळीचा ताण आणि लोखंड-57 चा मॉसबाउअर संकेत, दोन्ही मोजले. ज्या केंद्रकाने 2009 मध्ये नाही म्हटलं होतं, त्याच केंद्रकाने सिंक्रोट्रॉनच्या तीव्र स्पंदांखाली, चांगल्या स्फटिकात, होय म्हटलं. शिवाय एक मोठी शंका फिटली. 1 ते 1.7 गिगापास्कलमध्ये जाळीचा ताण आणि चुंबकत्व वेगवेगळ्या तापमानांना येतात, पण 1.7 च्या पुढे दोन्ही एकाच रेषेत मिसळतात आणि एकदम, झटक्याने येतात. बेरियम-लोखंड-आर्सेनिकमध्ये असतं तसंच. साध्या दाबाला जो पदार्थ कुळाबाहेरचा वाटत होता, तो दाबाखाली कुळाच्या रीतीनेच वागतो.

दाब कसा दिला यालाही महत्त्व असतं

हे थोडं विषयांतर, पण गरजेचं. कॅल्शियम-लोखंड-आर्सेनिकमध्ये द्रव माध्यमातून दाब दिल्यावर अतिसंवाहकता सापडली होती. थंड झाल्यावर ते द्रव गोठतं आणि नमुन्यावरचा दाब सगळीकडून सारखा राहत नाही. हेलियम माध्यम वापरून दाब एकसारखा ठेवला, तेव्हा अतिसंवाहकता दिसलीच नाही. म्हणून या क्षेत्रातला निबंध वाचताना माझी नजर आधी दाबाचं माध्यम कोणतं होतं आणि दाब कशाने मोजला, या ओळींकडे जाते. दाब सहसा शिशाच्या संक्रमण तापमानावरून किंवा माणकाच्या प्रकाशाची रेषा किती सरकली यावरून काढतात. मिझुगुचींच्या आणि नंतरच्या आकड्यांत जो फरक दिसतो, त्यातला काही भाग संक्रमणाची सुरुवात मोजली की रोध शून्य होण्याचा क्षण मोजला यातून आलेला आहे.

गंधकाचा पडताळा

घुमटाखाली तापमान घुटमळतं आणि घुमट संपला की उसळतं, एवढ्यावरून स्थिर चुंबकत्व अडवतंय असं म्हणणं मोहात पाडणारं आहे. पण त्याच पट्ट्यात जाळी बदलते, सेलेनियमची उंची बदलते, फर्मी पृष्ठ बदलतं. दोष नेमका कुणाला द्यायचा?

2017 मध्ये मात्सुउरा आणि सहकाऱ्यांनी याचं चांगलं उत्तर दिलं. सेलेनियमच्या जागी थोडं गंधक घातलं. गंधकाचा अणू लहान, त्यामुळे तोही एक प्रकारचा आतून दिलेला दाबच. मग वरून खरा दाब दिला. गंधकाने नेमॅटिक अवस्था खालच्या दाबाकडे ढकलली गेली, आणि चुंबकीय घुमट आक्रसून वरच्या दाबाकडे सरकला. शुद्ध पदार्थात एकमेकांवर चढलेल्या या दोन अवस्था आता वेगळ्या झाल्या, आणि मध्ये मोकळा पट्टा उरला, जिथे जाळी चौकोनी आहे आणि स्थिर चुंबकत्व नाही. तिथे, 3 गिगापास्कलच्या आसपास, संक्रमण तापमान 30 केल्विनच्या वर गेलं. शुद्ध आयर्न सेलेनाइडमध्ये ते यापेक्षा बऱ्याच जास्त दाबाला मिळतं. आणि चुंबकीय घुमटाच्या दोन्ही कडांना संक्रमण तापमानाची दोन शिखरं, मध्ये दरी.

हा पडताळा मला निर्णायक वाटतो. स्थिर रांगा अतिसंवाहकतेचा वाटा खातात. पण शिखरं दूर कुठे नाहीत, घुमटाच्या कडांवरच आहेत, जिथे रांगा मोडलेल्या असतात पण मोडल्या-मोडल्याची थरथर जोरात असते. चुंबकत्व गोठलं की ते स्पर्धक असतं, वितळलं की आधार. 1.2 गिगापास्कलच्या पुढे दोन्ही एकत्र वाढतात याचाही उलगडा यातून होतो: दाब मूळ चुंबकीय परस्परक्रियाच वाढवतो, आणि त्या वाढीतून गोठलेल्या रांगांना आणि जोड्यांना दोघांनाही बळ मिळतं.

मुंबईशी या विषयाचा एक खरा धागा आहे. 1994 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या नागराजन आणि सहकाऱ्यांनी यिट्रियम-निकेल-बोरॉन-कार्बन या संयुगात 12 केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता दाखवली, आणि त्यातून बोरोकार्बाइडांचं एक कुळच उघडलं. त्यातल्या एर्बियम आणि होल्मियमच्या संयुगांत चुंबकीय मांडणी आणि अतिसंवाहकता शेजारी नांदतात. पण तिथे चुंबकत्व दुर्मिळ मृदा धातूंच्या बंदिस्त इलेक्ट्रॉनांचं, आणि वीज वाहणारे इलेक्ट्रॉन दुसरे. आयर्न सेलेनाइडमध्ये लोखंडाचे तेच इलेक्ट्रॉन दोन्ही कामं करतात, म्हणून इथलं सहअस्तित्व इतकं अवघड आणि इतकं बोलकं आहे.

जे कोडं उरतं

2017 मध्ये सन यांच्या गटाने हॉल परिणाम मोजला, ज्यावरून वीज वाहणाऱ्यांचा प्रभार धन की ऋण ते कळतं. 38 केल्विनच्या जवळच्या दाबाला वीज मुख्यतः धन प्रभाराच्या वाहकांची, म्हणजे होलांची, निघाली. आता याच पदार्थाचा एकच थर स्ट्रॉन्शियम टायटेनेटवर चढवला, तर 2012 पासूनच्या प्रयोगांत जोडीचं लक्षण 65 केल्विनच्या आसपासपर्यंत टिकताना दिसलं आहे, आणि त्या थराच्या फर्मी पृष्ठावर होलांचे कप्पेच नाहीत, फक्त इलेक्ट्रॉनांचे आहेत. एकाच पदार्थात तापमान वर नेण्याचे हे दोन रस्ते, आणि वाहक उलट. होल आणि इलेक्ट्रॉन यांच्या कप्प्यांमधल्या स्पिन-चंचलतेचं जे स्पष्टीकरण दाबाखाली इतकं जुळतं, ते थराला जसंच्या तसं लागू होत नाही.

दाबाच्या बाजूचा खरा पुरावा म्हणजे सहा गिगापास्कलच्या वर स्पिनांच्या थरथरीचा ऊर्जा-वर्णपट थेट मोजणं, आणि त्याचं साधन न्यूट्रॉन. पण न्यूट्रॉन ऊर्जा देत-घेत विखुरतात त्या मोजमापाला शेकडो मिलिग्रॅमचा स्फटिक हवा, आणि एवढ्या दाबाच्या यंत्रात मावतो तो मोहरीच्या दाण्याहून लहान. आज चाललेले प्रयत्न या दोहोंमधलं अंतर कमी करण्याचे आहेत: मोठं दाबक्षेत्र, जास्त तीव्र न्यूट्रॉन झोत, आणि गंधक मिसळलेले स्फटिक, ज्यांत हवी ती अवस्था 3 गिगापास्कलला, आवाक्यातल्या दाबात, मिळते.